ड्रायसूट घालूनही आतून ओलं का होतं? गळती, घाम की चुकीची निवड

ड्रायसूट म्हणजे पाणी आत येऊ न देणारा अंगभर सूट; गळ्याशी आणि मनगटांशी तो घट्ट लवचीक पट्ट्यांनी, म्हणजे सीलनी, बंद होतो. थंड पाण्यात कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद, छोटी नाव) चालवणाऱ्यांकडून एक तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. "ड्रायसूट घातला होता, तरी काठावर येऊन काढला तर आतला फ्लीस ओला. सूट गळतोय. नवा घ्यावा का?" तिच्या पाठोपाठ दुसरी येते: "सूट आतून कोरडा ठणठणीत आहे, पण पाण्यात पडलो की पाच मिनिटांत दात वाजायला लागतात." तिसरी गोष्ट कुणी तक्रार म्हणून सांगतच नाही, पण मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते: "काठावर इतकं उकडतं की सूट कमरेपर्यंतच चढवतो. वरचा भाग पुढे लागला तर घालेन."

नवा सूट घेण्याआधी हे सगळं शेवटपर्यंत वाचा. मी स्वतः पूर्ण एक मोसम चेनमधून पाणी येतंय अशा समजुतीत घालवला. चेनला मेण लावलं, पुन्हा लावलं, शेवटी ती बदलायला पैसेही बाजूला काढून ठेवले. पाणी येत होतं डाव्या मनगटातून. आत घातलेल्या बनियनची बाही सीलच्या खाली जेमतेम अर्धा सेंटिमीटर अडकत होती आणि वातीसारखी पाणी आत ओढत होती. चेनमध्ये काहीही बिघाड नव्हता. तेव्हापासून मी आधी निदान करतो आणि मगच दुरुस्तीला हात घालतो.

दोन फेऱ्या करा, मग बोला

घाम की गळती, हा पहिला प्रश्न. याचं उत्तर अंदाजाने देऊ नका, कारण सूट काढल्यावर दोन्ही सारखेच ओले दिसतात. दोन वेगवेगळ्या दिवशी दोन चाचण्या करा.

पहिल्या दिवशी शांत पाण्यावर तासभर चांगलं जोरात वल्हवा. उलटायचं नाही, रोल (उलटलेली नाव आत बसूनच पुन्हा सरळ करणं) मारायचा नाही, पाण्यात उतरायचं नाही. परत आल्यावर सूट उतरवा आणि आतला ओलावा कुठे आहे ते बघा.

दुसऱ्या दिवशी उलट करा. दमायचं नाही. सूट घालून, लाइफ जॅकेट चढवून, काठाजवळच्या पाण्यात 15 मिनिटं नुसतं तरंगत राहा. हात पाण्यात बुडवून मुठी आवळा-सोडा, मान डावी-उजवीकडे वळवा, पाय पोटाशी घ्या, पालथे व्हा, उताणे व्हा. आत फिक्या राखाडी रंगाचे पातळ कपडे घाला, त्यावर ओलाव्याचा डाग लगेच गडद उठून दिसतो. काठावर सोबती हवाच, आणि पाणी फार गार नसेल असाच दिवस निवडा. बर्फासारख्या पाण्यात गळक्या सूटची परीक्षा घेण्यात शहाणपण नाही.

पहिल्या दिवशी ओले झालात आणि दुसऱ्या दिवशी कोरडे राहिलात, तर तो घाम. फक्त दुसऱ्या दिवशी ओले झालात, तर गळती. दोन्ही दिवशी ओलं झालं तर बहुधा दोन्ही कारणं आहेत, आणि तेव्हा आधी गळती बंद करायची.

ओलावा कसा पसरलाय तेही बरंच सांगतो. घामाचा ओलावा पसरट असतो: पाठ, छाती, काखा, लाइफ जॅकेटखालचा सगळा भाग दमट. गळतीला जागा असते. एका बाहीला कोपरापर्यंत ओलं, गळ्यापासून बेंबीपर्यंत एकच पट्टा, एकाच पायाचा मोजा चिंब, किंवा बैठकीखाली हाताच्या पंजाएवढा डाग. "एकाच बाजूला" हे शब्द तक्रारीत आले की मी घामाचा विचार सोडून देतो.

घाम असेल तर

माझ्या अनुभवात "सूट गळतोय" म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांचा प्रश्न इथेच संपतो. जोरात वल्हवणाऱ्या माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज येऊ शकतो. "श्वास घेणारं" म्हणून विकलं जाणारं कापड एवढा घाम बाहेर टाकेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

हे कापड चालतं कसं ते समजून घेतलं की अपेक्षा ताळ्यावर येते. आत एक अतिशय पातळ पडदा असतो. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबाला आत येऊ देत नाहीत, पण वाफेला बाहेर जाऊ देतात. बॉब गोर यांनी 1969 मध्ये टेफ्लॉन झटक्यात ताणून असा सच्छिद्र पडदा बनवण्याची रीत शोधली आणि त्यातून पुढे गोअर-टेक्स हे जलरोधक कापड आलं. म्हणजे बाहेर जाते ती फक्त वाफ, द्रव घाम नाही. वाफ बाहेर ढकलायला आतल्या आणि बाहेरच्या हवेत दमटपणाचा फरक लागतो. तुमचा अर्धा सूट स्प्रे स्कर्टखाली (कमरेला बांधून नावेच्या तोंडावर बसवायचं झाकण), छाती-पाठ लाइफ जॅकेटखाली आणि उरलेल्या भागावर पाण्याचे शिंतोडे. मोकळा श्वास घ्यायला उरतात ते दंड आणि खांदे. पाण्यात असताना तर हा व्यवहार जवळजवळ थांबतोच.

बाहेरच्या कापडावर पाणी मोत्यासारखं घरंगळतंय का ते बघा. ते कापडात शोषलं जात असेल, कापड गडद आणि जड होत असेल, तर वरचं जलरोधक लेपण गेलेलं आहे. पाणी आत येत नाही, कारण पडदा शाबूत आहे, पण वरचं कापड भिजल्यामुळे वाफेची वाट बंद होते आणि आतला घाम तिथेच साचतो. बाहेरून आत पाणी झिरपल्यासारखं वाटतं ते या साचलेल्या घामामुळे. मीठ, मळ, अंगाचं तेल यांनी लेपण मरतं. कपडे धुण्याची नेहमीची पावडर वापरू नका, तिचा अंश कापडात राहतो आणि पाणी आणखीच शोषलं जातं. जलरोधक कपड्यांसाठी मिळणाऱ्या खास साबणाने धुवा आणि मग पुन्हा लेपण चढवा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने आत-बाहेर खळबळून काढा.

तुमचा सूट स्वस्तातला, नुसत्या लेपणाच्या नायलॉनचा असेल आणि त्यात पडदाच नसेल, तर घाम साचणारच. तो बिघाड नाही. लहान फेऱ्यांना असा सूट चालतो, दिवसभराच्या फेरीला मी सुचवणार नाही.

बाकी उपाय साधे आहेत. काठावर निघताना किंचित गार वाटत असेल एवढेच थर घाला. वल्हवायला लागल्यावर दहा मिनिटांत ऊब येते. अंगालगतचा थर घाम शोषून पुढे ढकलणारा, म्हणजे पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकरीचा हवा. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स अजिबात नकोत. सुती कापड पाणी धरून ठेवतं, तंतू चिकटून बसतात, हवा अडकवायला जागाच राहत नाही. राखाडी सुती बनियन चाचणीपुरतं ठीक आहे, फेरीला नाही. आणि उकडायला लागलं तर कपडे काढू नका, पाणी वापरा: हात पाण्यात बुडवा, टोपी भिजवून डोक्यावर घाला, छातीवर पाणी उडवा, रोल येत असेल तर एक मारा. सूटवरून पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. उन्हाच्या दिवशी मी दर वीस मिनिटांनी हे करतो.

गळती असेल तर: गळा आणि मनगटं आधी

गळतीच्या तपासात लोक सगळ्यात आधी कापडात भोक शोधतात. मी सगळ्यात शेवटी शोधतो. कारण बहुतेक वेळा पाणी सीलमधून येतं, आणि सीलमध्येही बिघाड कमी, घालण्यातली चूक जास्त.

सील घातल्यावर त्याची कड थेट कातडीवर सपाट बसायला हवी. वर सांगितल्याप्रमाणे आतल्या कपड्याची बाही किंवा कॉलर कडेखाली एक धागाभर जरी आली तरी वात तयार. गळ्यातली साखळी, लांब केस, मानेवर उतरलेली दाढी यांचं तसंच. सील चढवून झालं की एक बोट कडेखालून पूर्ण गोल फिरवा. मी हे प्रत्येक वेळी करतो आणि दहातून दोनदा तरी काहीतरी अडकलेलं सापडतं.

मनगटाची एक खास अडचण आहे आणि ती बारीक मनगटाच्या लोकांना जास्त सतावते. वल्हं घट्ट धरलं की मनगटाच्या आतल्या बाजूला स्नायुबंध दोरीसारखे वर येतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना पन्हळ तयार होते. सील कितीही चांगलं असलं तरी त्या पन्हळीतून पाणी आत जातं. म्हणूनच मुठी आवळण्याची चाचणी. उपाय एवढाच की सील हाताच्या हाडाच्या उंचवट्यावर न ठेवता कोपराकडे दोन-तीन सेंटिमीटर वर सरकवा. तिथे हात गोलसर असतो. घड्याळ सूटच्या बाहीवरून बांधा, खालून नाही.

लॅटेक्सचं, म्हणजे पातळ ताणणाऱ्या रबराचं, सील सगळ्यात कोरडं ठेवतं आणि सगळ्यात लवकर मरतं. ऊन, ओझोन, सनस्क्रीन, कीटकनाशक मलम, अंगाचं तेल हे त्याचे शत्रू. ताणून उजेडाकडे धरा. बारीक जाळीदार भेगा दिसल्या, चिकट लागलं किंवा रंग पिवळट पडला असेल तर बदला. पाण्यात फाटलेलं गळ्याचं सील म्हणजे सूटमध्ये सरळ ओतलं जाणारं पाणी. ॲलर्जी असणाऱ्यांसाठी सिलिकॉनचं सील आहे. निओप्रीनचं (बुडबुडे असलेल्या फोमसारख्या रबराचं) गळपट्ट्यासारखं सील अंगाला सुखद असतं, पण त्यातून थोडं पाणी येतंच. अशा सूटला अर्धकोरडा म्हणतात. माहिती नसताना असा सूट घेतला आणि मग "गळतोय" म्हणाला, असे लोक मला भेटले आहेत. रोल सवयीने मारणारे आणि पाण्यात क्वचितच पडणारे असाल तर तो छान आहे. नवशिके असाल, वारंवार पडणार असाल, पाणी 10 अंशांखाली असेल, तर लॅटेक्सच घ्या.

नवं लॅटेक्स गळ्याला फार आवळत असेल तर लगेच कात्री चालवू नका. आधी रात्रभर एखाद्या गुळगुळीत पातेल्यावर ताणून ठेवा. त्यानेही भागलं नाही तर धारदार कात्रीने सीलवरची एकच गोल रेष कापा, घालून बघा, मगच पुढची. कड एका सलग ओळीत कापली पाहिजे. छोटासा दातरा राहिला तर सील तिथूनच फाटतं. घट्टपणा सहन करून वापरणाऱ्यांनाही एक इशारा: मान वळवल्यावर डोकं हलकं वाटलं किंवा अंधारी आली तर सील मानेतल्या रक्तवाहिनीवर दाबतंय. तो सूट त्या अवस्थेत पाण्यावर नेऊ नका.

चेन, मोजे, कापड

चेनमधून पाणी येण्याचं सगळ्यात सामान्य कारण म्हणजे ती शेवटचा अर्धा सेंटिमीटर बंद झालेली नसते. सरकपट्टी पूर्ण टोकाला जाऊन बसली आहे हे सोबत्याकडून हात लावून तपासून घ्या. लघवीसाठीची छोटी चेनही विसरू नका, परतताना घाईत ती अर्धवट राहते. गार पाण्यात लघवी जास्त लागते, रक्त अंगाच्या आतल्या भागाकडे वळल्याचा तो परिणाम आहे, त्यामुळे ती चेन दिवसातून अनेकदा वापरली जाते. ती टाळायला पाणी कमी प्यायचं, असं काही जण करतात. कृपा करून करू नका. शरीरातलं पाणी कमी झालं की थंडी आणखी बाधते.

पितळी दातांची चेन असेल तर बाहेरून मेण, प्लास्टिकची असेल तर टोकाच्या खाचेत थोडं सिलिकॉन ग्रीस. दातांत वाळूचा कण किंवा फ्लीसचा धागा आहे का ते मऊ ब्रशने झाडून बघा. चेन कधीही कडक घडी घालून ठेवू नका. पितळी दात एकदा वाकला की ती दुरुस्त होत नाही.

एकच पाय ओला असेल तर मोज्याचा तळ बघा. बुटात शिरलेली वाळू पावलागणिक कापड घासते आणि सुईच्या टोकाएवढी भोकं पाडते. पाण्याकडे जाताना दोन पावलंसुद्धा सूटच्या मोज्यांवर, बुटांशिवाय, चालू नका. भोक शोधायला मोजा पाण्याने भरा, बाहेरून पुसून कोरडा करा आणि थेंब कुठे उगवतो ते बघा. फक्त मोजा भरा, पूर्ण पाय भरला तर पाण्याच्या वजनाने शिवण ताणली जाते.

बाकी कापडासाठी दोन युक्त्या. सूटची चेन बंद करा, मनगटांत बाटल्या बसवा, गळ्यात चेंडू बसवा, एका मनगटातून हवा भरा आणि साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडे उठतात तिथे भोक. दुसरी पडद्याच्या कापडासाठी: सूट उलटा करा आणि आतल्या बाजूवर औषधाच्या दुकानात मिळणारं रबिंग अल्कोहोल फवारा. भोक असेल तिथे गडद ठिपका उमटतो. भोवती पेनने वर्तुळ काढा, वाळू द्या, युरेथेनच्या गोंदाचा पातळ थर आतून लावा, दिवसभर तसंच ठेवा. एवढ्या-तेवढ्या भोकासाठी हे पुरतं. शिवणीवरची टेप सलग सुटली असेल तर दुरुस्तीवाल्याकडे द्या. पण आतलं अस्तर फोड आल्यासारखं पडद्यापासून सुटायला लागलं असेल, तर त्या सूटवर आणखी पैसे घालू नका. ते कापड संपलं.

कोरडे आहात, पण गार पडता

इथे गैरसमज मुळातच आहे. ड्रायसूट ऊब देत नाही. कागदासारखं पातळ कापड आहे ते. ऊब देते ती आत घातलेल्या कपड्यांत अडकलेली हवा, सूटचं काम फक्त ती हवा कोरडी ठेवणं. पाणी उष्णता हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने वाहून नेतं. त्यामुळे एकाच बनियनवर ड्रायसूट घालून 8 अंशांच्या पाण्यात पडलेला माणूस कोरडा राहूनही झपाट्याने गारठतो.

त्यात आणखी एक गोष्ट घडते. पाण्यात उतरलं की पाण्याचा दाब सूट अंगावर दाबतो आणि आतली हवा वर खांद्यांकडे पळते. पाय सगळ्यात आधी गार पडतात ते यामुळे. म्हणून दाबलं तरी जाडी न सोडणारा कपडा हवा. दाट विणीचा फ्लीस चांगला. पिसांचं जॅकेट दाबलं गेलं की निरुपयोगी, आणि घामाने ओलं झालं की त्याहून वाईट. मी स्वतः पातळ मेरिनोवर एकसंध फ्लीसचा डगला घालतो. तो कमरेशी सुटत नाही, गोळा होत नाही. पायात दोन घट्ट मोजे घालण्यापेक्षा एकच जाड आणि सैलसर मोजा घाला. घट्टपणाने रक्त अडतं आणि मोज्यातली हवाही दबते.

पाण्यात उतरण्याआधी खाली बसून, गुडघे छातीशी घेऊन, गळ्याच्या सीलमध्ये बोट घालून जादा हवा बाहेर काढा. सूट फुग्यासारखा फुगलेला असेल तर पोहणं आणि नावेत परत चढणं अवघड होतं. पण सगळी हवा पिळून काढू नका, ऊब तीच देणार आहे.

थर पुरेसे आहेत की नाही हे वल्हवताना कधीच कळत नाही. पाण्यात स्थिर तरंगून कळतं. तीच 15 मिनिटांची चाचणी, यावेळी फेरीचे पूर्ण कपडे घालून. बाहेर आल्यावर स्वतःच्या बोटांनी लाइफ जॅकेटचं बक्कल उघडता आलं पाहिजे.

ड्रायसूट की वेटसूट, आणि काठावरचं उकाड्याचं गणित

आता त्या तिसऱ्या तक्रारीकडे येतो. उकडतं म्हणून सूट अर्धवट घालणं. या चुकीमागे हवेकडे बघून कपडे ठरवण्याची सवय आहे. हवा आणि पाणी यांची फॅरनहाइट तापमानं मिळवून 120 च्या वर आली तर साध्या कपड्यांत चालतं, असा एक जुना ठोकताळा अजूनही फिरतो. हिशेब करून बघा: हवा 72 आणि पाणी 50, बेरीज 122, म्हणजे "चालतं". ते 50 म्हणजे 10 अंश सेल्सिअस. त्या पाण्यात टी-शर्टवर पडलात तर वरची हवा किती छान आहे याचा काहीही उपयोग नाही. हा ठोकताळा विसरून जा. हिवाळा सरताना तर हवा उबदार आणि पाणी वर्षातलं सगळ्यात गार असू शकतं, आणि काठावर सगळ्यात जास्त उकडतं ते तेव्हाच.

पाण्यात पडल्यावर पहिला धोका गारठून मरण्याचा नसतो. पहिला धोका श्वासाचा. कातडीला अचानक गार पाणी लागलं की आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो आणि मग धाप लागते. तो पहिला श्वास पाण्याखाली घेतला गेला तर तिथेच बुडणं. ब्रिटनमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाचे माइक टिप्टन यांनी या प्रतिसादावर आयुष्यभर काम केलं आहे. त्याचा जोर 10 ते 15 अंशांच्या पाण्यातच जवळपास पूर्ण असतो, म्हणजे "बर्फाळ नाही, नुसतं गार आहे" या समजुतीला आधार नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिस्ब्रेख्ट हे सोप्या आकड्यांत सांगतात: एक मिनिट श्वास आवरायला, दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात तोवर, आणि गारठून शुद्ध हरपायला साधारण एक तास. त्या दहा मिनिटांत बोटं चालायची बंद होतात. कमरेशी लोंबणारा सूट तेव्हा वर चढवता येईल असं ज्याला वाटतं, त्याने काठाजवळ उथळ पाण्यात एकदा करून बघावं. मी बघितलं आहे. बाह्यांत पाणी भरतं, लाइफ जॅकेट काढावं लागतं, आणि गळ्याचं सील ओल्या केसांवरून उतरत नाही.

वेटसूट म्हणजे निओप्रीनचा, अंगाला घट्ट बसणारा सूट; त्यात थोडं पाणी आत येतंच. त्याला मी कमी लेखत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला निओप्रीनचा वेटसूट बनवला, तो त्यांच्या या जाणिवेतून की सूट आतून कोरडा असण्याची गरज नाही, ऊब निओप्रीनमधल्या वायूच्या बुडबुड्यांनी टिकते. आत शिरलेलं पाणी अंगाने तापतं खरं, पण ते जागच्या जागी राहिलं तरच. म्हणून "वेटसूट घालूनही थंडी वाजते" या तक्रारीत मी पहिल्यांदा माप बघतो. पाठीच्या खळग्यात, काखेत, जांघेत चिमटीत धरता येईल एवढी ढिलाई असेल तर हालचालीगणिक गार पाणी आत-बाहेर होतं. दुसरं कारण वारा. ओल्या निओप्रीनवरून वारा वाहिला की बाष्पीभवनाने अंग गार पडतं, वरून एक वारारोधक जॅकेट घातलं की फरक लगेच कळतो. आणि बिनबाह्यांचा 3 मिलिमीटर जाडीचा सूट वल्हवायला सुखाचा असला, तरी पाण्यात पडल्यावर काखेतून पाणी सरळ छातीवर येतं.

मी स्वतः कसं ठरवतो ते सांगतो, तुमची थंडी सोसण्याची ताकद वेगळी असू शकते. पाणी 20 अंशांच्या वर असेल तर पातळ निओप्रीन. 15 ते 20 मध्ये पूर्ण बाह्यांचा 3 मिलिमीटर आणि वर जॅकेट. 10 ते 15 मध्ये काठ जवळ असेल तर 4-5 मिलिमीटर चालेल, काठ लांब असेल तर ड्रायसूट. 10 खाली ड्रायसूटच. दोन पट्ट्यांच्या सीमेवर असाल, एकटे असाल, वारा काठापासून दूर नेणारा असेल, तर पाणी एक पायरी जास्त गार आहे असं धरून कपडे निवडा. पाण्याचं तापमान दोरीला बांधलेल्या थर्मामीटरने मोजा, बोट बुडवून नाही.

हातांचं थोडक्यात. वल्ह्यावर बसणाऱ्या पोगी (वल्ह्याच्या दांड्यावर चढवायच्या, हात आत घालायच्या पिशव्या) ऊबदार असतात आणि पकड मोकळी राहते, पण उलटल्यावर हात बाहेर आला की तो उघडाच. म्हणून पोगी वापरत असाल तरी लाइफ जॅकेटच्या खिशात निओप्रीनचे हातमोजे ठेवा. डोक्यासाठी निओप्रीनचं हूड. कानात अचानक गार पाणी शिरलं की चक्कर येते आणि वर-खाली कळेनासं होतं, उलटलेल्या नावेत हे फार वाईट वेळी होतं.

जुना सूट घेणार असाल

वापरलेला सूट पाहताना आतून उलटा करायला सांगा. अस्तर सगळीकडे चिकटलेलं आहे का, शिवणीच्या टेपची टोकं उचललेली आहेत का, मोज्याच्या टाचा आणि बैठक घासलेली आहे का, हे बघा. सील जुनी असतील तर त्यांचा खर्च किमतीतून वजा धरा, ती बदलावी लागणारच. चेन मात्र स्वतः दोनदा उघडून लावा. ती अडखळत असेल आणि ब्रश-मेणानंतरही अडखळत असेल तर मी तो सूट घेणार नाही, कारण चेन बदलण्याचा खर्च अनेकदा जुन्या सूटच्या किमतीला जाऊन भिडतो. कापडाचा रंग उडालेला असणं मला चालतं. विकणाऱ्याला हरकत नसेल तर गळ्यात चेंडू, मनगटांत बाटल्या आणि साबणाचं पाणी तिथेच, त्याच्यासमोर.